परदेशातून आलेलं नको असलेलं पार्सल: ड्युटी न भरता नाकारता येतं का?

अंगणवेल (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही.

दोन महिन्यांपूर्वी फोनवर एका जाहिरातीत क्रोशाच्या सुयांचा संच दिसला. लाकडी मुठीच्या बारा सुया, लोकरीचे वीस गुंडे, कापडी पिशवी. किंमत रुपयांत, ३,४५०, आणि खाली हिंदीत "घरपोच मोफत". आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बसल्या बसल्या हाताला काही काम हवं म्हणून मागवला. पैसे माझ्या क्रेडिट कार्डावरून गेले, पत्ता आणि नाव नाशिकला बाबांचं दिलं. माल परदेशातून येणार हे त्या पानावर मला तरी कुठे दिसलं नाही.

तीन आठवडे काहीच हालचाल नाही. मी ऑर्डर रद्द करा म्हणून मेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं की माल निघालाय, आता रद्द होणार नाही. तोपर्यंत बाबांनी मेन रोडवरून लोकर आणि सुया आणल्यासुद्धा, आईचं कामही सुरू झालं.

काल बाबांच्या फोनवर एका कुरियर कंपनीचा मेसेज आला. पार्सल मुंबईत पोचलंय, सोबतच्या लिंकवर केवायसी भरा, ड्युटी आणि इतर आकार मिळून २,८७० रुपये होतील. म्हणजे ३,४५०च्या मालावर अजून २,८७०, आणि तेही आता नको असलेल्या मालावर.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. कस्टम हा शब्द वाचल्यापासून ते नीट झोपलेले नाहीत. "घेतलं नाही तर आपल्यावर केस होईल का गं?" असं सकाळपासून तीनदा विचारलं. मला तीन गोष्टी कळायला हव्यात. पार्सल नाकारता येतं का? नाकारलं तर ड्युटी मागतील का? आणि माझे ३,४५० परत मिळायची काही वाट आहे का?

कोरा_कागद (सोमवार, रात्री १०:०५)

काहीही करू नका. लिंक उघडू नका, फोन उचलू नका. महिनाभराने आपोआप विषय संपेल. मी असंच केलं होतं.

निर्मळवाट (सोमवार, रात्री १०:३१)

आधी मेसेज खरा आहे का ते बघा. मी बँकेत होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या तीन वर्षांत काउंटरवर रडत आलेली जी माणसं पाहिली, त्यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात "तुमचं पार्सल अडकलंय" इथूनच झाली होती. पार्सल, मग कस्टमचा साहेब, मग व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश. २७ ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी डिजिटल अरेस्टवर सांगितलं होतं ते ह्याच साखळीबद्दल.

मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका. कुरियरचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा आणि तिथे पार्सलचा नंबर टाका. नंबर खरा असेल तर पार्सल कुठून निघालं, कधी पोचलं, सगळं दिसेल. कोणी खासगी बँक खात्यात किंवा यूपीआयवर "कस्टमचे पैसे" मागितले तर ते खोटं, कस्टम खातं तसे पैसे घेत नाही. कस्टमच्या नावाने पत्र किंवा नोटीस आली तर तिच्यावर डीआयएन हा त्या कागदाचा ओळख क्रमांक असायला हवा. ८ नोव्हेंबर २०१९पासून त्यांच्या पत्रव्यवहारावर तो असतो आणि सीबीआयसी ह्या केंद्रीय कस्टम मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

बाबांना फोन करून एवढं आत्ताच सांगा: केस वगैरे काही होत नाही. नको असलेली वस्तू न घेणं हा गुन्हा नाही.

टपालहंशील (मंगळवार, सकाळी ६:५०)

अंगणवेल ताई, मी टपाल खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली पहिली ११ मिरजेत पोस्टमन म्हणून. तुमचं पार्सल कुरियरने आलंय असं तुम्ही लिहिलंय, तरी एकदा नंबर नीट बघून घ्या. पुढे दोन इंग्रजी अक्षरं, मधे नऊ आकडे, शेवटी पुन्हा दोन अक्षरं, अशी एकूण तेरा असतील तर ते टपालाने आलेलं. शेवटची दोन अक्षरं ज्या देशातून निघालं त्याची. पहिलं अक्षर आर असलं तर रजिस्टर, सी असलं तर पार्सल, ई असलं तर ईएमएस, म्हणजे जलद टपाल. नुसते आकडेच आकडे असतील तर बहुतेक खासगी कुरियर. हे आधी ओळखायचं कारण असं की दोन्हीकडे नाकारण्याची रीत वेगळी आहे, आणि खर्चही.

टपालाने आलेलं पार्सल नाकारणं अगदी सरळ. आपल्या भागातला परदेशी टपाल मुंबईत बॅलार्ड इस्टेटला विदेश डाक भवनात उतरतो. कस्टमची माणसं तिथेच बसतात, ड्युटी ठरवतात, तो कागद पार्सलाबरोबर येतो आणि पोस्टमन दारात पैसे घेऊन पार्सल देतो. पैसे द्यायचे नसतील तर पार्सल घ्यायचं नाही. संपलं. घरातल्यांनी आधी कुणाला एक पैसा दिलेला नसतो, त्यामुळे नंतर कुणी मागायला येत नाही.

मिरजेत ब्राह्मणपुरीत एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांच्या नावाने आखातातून पार्सल आलं, ड्युटी त्या काळी दोनशे चाळीस रुपये. त्यांनी पार्सल हातात घेतलं नाही. उंबऱ्याच्या आत उभं राहून पाठवणाऱ्याचं नाव वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "नको, घ्यायचं नाही." मी कारण विचारलं नाही, आमचं ते कामच नव्हे. "घेण्यास नकार" असा शेरा मारला, तारीख घातली, त्यांनी सही केली. पुढे परदेशी टपालात परतीची चिठ्ठी लागते, तिच्यावर कारणांच्या चौकटी असतात आणि फ्रेंचमध्ये "रेफ्युझे" असंही छापलेलं असतं. जागतिक टपाल संघ १८७४चा, बर्नमधला, त्याची अधिकृत भाषा फ्रेंच, म्हणून.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. टपालाच्या जागतिक कराराप्रमाणे पार्सल घेणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत पाठवणाऱ्याच्या मालकीचं असतं. म्हणून घरातल्यांना सांगून ठेवा: ठरेपर्यंत सही करायची नाही आणि फोडायचं तर मुळीच नाही. फोडलेलं पार्सल नाकारता येत नाही.

कार्गोगेट (मंगळवार, सकाळी ११:१५)

टपालहंशील काकांनी टपालाचं सांगितलं. मी कुरियरचं सांगतो. १६ वर्षं अंधेरीत सहारला कस्टम ब्रोकरकडे काम करतोय.

कुरियरमध्ये लोक जिथे फसतात ती जागा दार नाही. दारापर्यंत पार्सल यायच्या आधीच खेळ झालेला असतो. क्रम असा: विमान उतरतं, माल कुरियर टर्मिनलवर येतो, तुमची केवायसी घेऊन कुरियर कंपनी तुमच्या वतीने बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टमकडे आयातीचं विवरण, दाखल करते, कस्टम ड्युटी ठरवतं, कंपनी ती स्वतःच्या खिशातून भरते, मग आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडल्याचा आदेश, मिळतो आणि गाडी तुमच्याकडे निघते. दारात मुलगा जे पैसे मागतो ते कंपनीने आधीच सरकारला भरलेले असतात, वर त्यांचा पैसे आगाऊ भरल्याचा आकार. त्या टप्प्याला तुम्ही "नको" म्हणालात तर मुलगा पार्सल परत नेईल, भांडणार नाही. पण भरलेली ड्युटी कंपनी विसरत नाही. बिल ऑफ एन्ट्रीवर आयातदार म्हणून तुमचं नाव आहे, केवायसी तुम्हीच दिलीय.

म्हणून नकार बिल ऑफ एन्ट्रीच्या आधी द्यायचा, आणि लेखी. फोनवर सांगितलेलं कुठे राहत नाही.

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. सीमाशुल्क कायदा १९६२, कलम २३, पोटकलम २. माल देशात वापरासाठी सोडण्याचा आदेश होण्याआधी मालक मालावरचा हक्क सोडू शकतो, आणि सोडला की ड्युटीची जबाबदारी त्याच्यावर राहत नाही. अट एकच, त्या मालाबाबत गुन्हा झाल्यासारखं दिसत असेल तर ही वाट बंद. क्रोशाच्या सुयांना ती भीती नाही. बाबांना हे नक्की सांगा.

आता एक बारीक पण महत्त्वाचं. हक्क सोडणं आणि माल परत पाठवायला सांगणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्क सोडलात की माल सरकारजमा होतो, विक्रेत्याकडे जात नाही, आणि मग तो म्हणतो, "माल तर परत आलाच नाही, पैसे कसले?" तुम्हाला ३,४५० परत हवेत ना? मग पहिल्या मेलमध्ये परत पाठवा एवढंच लिहा. परतीचं भाडं पाठवणाऱ्याकडून घ्यायचं असतं, कंपनी त्याला विचारते. स्वस्त मालाचे विक्रेते बऱ्याचदा नाही म्हणतात, कारण भाडं मालापेक्षा महाग पडतं. तो नाही म्हणाला तर हक्क सोडा, पण त्याचा नकार लेखी मिळाल्यावर.

मजकूर असा ठेवा:

"वे-बिल क्रमांक अमुक. हे पार्सल मला नको आहे. माझ्या वतीने कस्टम क्लिअरन्स करण्याची परवानगी मी देत नाही. आधी कोणत्याही स्वरूपात दिली गेली असल्यास ती मागे घेत आहे. बिल ऑफ एन्ट्री दाखल करू नये, ड्युटी भरू नये. माल पाठवणाऱ्याकडे परत करावा. ह्या मेलची पोच द्यावी."

इंग्रजीत पाठवा, बाबांच्या मेलवरून, आणि तुम्हाला प्रत ठेवा. केवायसी भरलेली नाही ना अजून?

अंगणवेल (मंगळवार, दुपारी १:०२)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. नंबर नुसत्या आकड्यांचा आहे, कुरियरच्या खऱ्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, पार्सल खरं आहे.

कार्गोगेट, तुमचा प्रश्न वाचून बाबांना फोन केला. लिंक त्यांनी उघडली नव्हती. पण काल संध्याकाळी कुरियरच्या माणसाचा फोन आला होता, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आधारचा फोटो मागितला आणि बाबांनी पाठवला. दोन्ही बाजूंचा. मला सांगायला घाबरले होते. आता काय?

कार्गोगेट (मंगळवार, दुपारी १:२०)

घाबरू नका, पण आता जेवणसुद्धा नंतर. ट्रॅकिंगवर काय शब्द आहेत?

अंगणवेल (मंगळवार, दुपारी १:२४)

"क्लिअरन्स इन प्रोग्रेस". सकाळी ९:१०ची वेळ आहे.

कार्गोगेट (मंगळवार, दुपारी १:३१)

म्हणजे अजून सुटलेलं नाही. मेल पाठवा, मग कस्टमर केअरला फोन करून तो मेल क्लिअरन्स विभागाकडे पोचवायला सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. "बिल ऑफ एन्ट्री दाखल झालंय का, झालं असेल तर क्रमांक आणि तारीख द्या" हाही प्रश्न मेलमध्ये टाका. ह्या प्रश्नाने पुढचा माणूस फाईल उघडून बघतो.

निर्मळवाट (मंगळवार, दुपारी २:१५)

आधारचा फोटो गेलाय तर यूआयडीएआय ह्या आधार देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून किंवा एम-आधार अ‍ॅपवरून बाबांचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. पुढे कुणालाही मास्क्ड आधार द्यायचा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि त्यांना रागावू नका. आपल्याला जाब विचारला जाईल म्हणून माणसं लपवतात आणि मग नुकसान वाढतं, हे मी काउंटरवर फार पाहिलंय.

घाटमाथा (मंगळवार, संध्याकाळी ७:४८)

कार्गोगेट जे म्हणतात ते माझ्यावर गुदरलंय, म्हणून लिहितो. मी परदेशातून एक संगणकाचा कीबोर्ड मागवला होता. केवायसी ऑर्डरच्या दिवशीच भरून टाकली, पॅनसकट. सव्वा महिन्याने पार्सल दारात आलं तेव्हा ड्युटीचा आकडा ऐकून मी घेतलं नाही. मुलगा म्हणाला, "ठीक आहे सर, रिफ्यूज टाकतो." मला वाटलं मिटलं.

अडीच महिन्यांनी ४,११० रुपयांचं बिल आलं. दोन स्मरणपत्रं आली, मग वसुलीवाल्यांचे फोन, तेही ऑफिसच्या वेळात. मी बिल ऑफ एन्ट्रीची प्रत मागितली. तीन मेल गेल्यावर ती आली. त्यात माझं नाव, माझा पॅन, ड्युटी भरल्याची तारीख, सगळं होतं, पार्सल माझ्या दारात येण्याच्या दोन दिवस आधीचं. ड्युटीची रक्कम मी भरली, कारण ती खरोखर सरकारात गेली होती. त्यांचा आगाऊ भरण्याचा आकार आणि गोदामभाडं मात्र मी मान्य केलं नाही, तेवढं त्यांनी शेवटी सोडलं. ऑर्डरचे पैसे विक्रेत्याने दिलेच नाहीत. म्हणजे कीबोर्ड नाही, पैसेही नाहीत.

कोरा_कागद, तुमच्या गप्प बसण्याच्या सल्ल्याबद्दल मला म्हणूनच काळजी वाटते. गप्प बसलो तर कंपनी आधी दिलेल्या केवायसीवर क्लिअरन्स करून टाकू शकते.

कोरा_कागद (मंगळवार, रात्री ८:३०)

मान्य. माझ्या वेळी मी केवायसी दिलीच नव्हती, त्यामुळे ते पुढे गेलं नसावं. हा फरक मला लक्षात आला नव्हता.

कार्गोगेट (मंगळवार, रात्री ९:१०)

बरोबर. केवायसी दिलेली नसेल आणि कुणी काहीच केलं नाही तर माल पडून राहतो. उतरल्यापासून ३० दिवसांत सोडवला नाही तर कलम ४८खाली नोटीस देऊन विकता येतो. गप्प राहण्याने माणूस सुटतो कधीकधी, पण हातात कागद राहत नाही, आणि पैसे परत मागायला कागदच लागतो.

आकडा एवढा का फुगतो हे पुष्कळजण विचारतात. ड्युटी नुसत्या किमतीवर लागत नाही, किंमत, विमानभाडं आणि विमा ह्यांच्या बेरजेवर लागते. त्यावर मूळ ड्युटी, मग ह्या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. "घरपोच मोफत" लिहिलं तरी कस्टम भाडं धरतंच. विक्रेत्याच्या पानावर डीडीपी असेल तर ड्युटी तो भरतो, डीएपी किंवा डीडीयू असेल तर तुम्ही. मागवण्याआधी ही तीन अक्षरं शोधायची.

रानजाई (बुधवार, सकाळी ८:२२)

थोडं अवांतर. माझी बहीण शारजाला असते. भाच्याच्या मुंजीसाठी काही पाठवायचं म्हणतेय. पाच हजारांपर्यंतची भेट माफ असते ना? नाहीतर माझ्यावरही पार्सल नाकारायची वेळ यायची.

कार्गोगेट (बुधवार, सकाळी १०:४०)

ती सवलत गेली. १२ डिसेंबर २०१९ला परराष्ट्र व्यापार धोरणात बदल झाला. टपालाने किंवा कुरियरने "भेट" म्हणून बिनड्युटीचा माल आणणं बंद, फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी वगळून. राखी म्हणजे राखीच, तिच्यासोबतची मिठाई किंवा घड्याळ त्यात बसत नाही. पूर्ण ड्युटी भरली तर भेट आणता येते. बहीण स्वतः येणार असेल तर सामानात आणू दे, प्रवाशाच्या सामानाचे नियम वेगळे आहेत.

थेम्सकाठी (बुधवार, दुपारी ३:५५)

मी इंग्लंडमधून लिहितेय. नाकारण्याची दुसरी बाजू सांगावीशी वाटली.

२०२३च्या दिवाळीत आईने साताऱ्याहून टपालाने फराळ पाठवला. चकल्या, करंज्या, डब्यात बेसनाचे लाडू, आणि न सांगता एक खणाची साडी. पोस्टाच्या अर्जावर किंमत विचारली तर तिने खरी किंमत लिहिली, ६,५०० रुपये. इथे भेटवस्तू ३९ पौंडांच्या वर गेली की व्हॅट लागतो. माझ्या दारात करड्या रंगाचं कार्ड पडलं: व्हॅट आणि रॉयल मेलचा ८ पौंड हाताळणी आकार, मिळून पंचवीसच्या आसपास. त्या आठवड्यात माझी नोकरी डळमळीत होती. "पंचवीस पौंड चकल्यांना?" असं म्हणून मी पैसे भरले नाहीत. आईला कळवलंही नाही. वाटलं, हरवलं म्हणून सांगू.

पार्सल सात आठवड्यांनी साताऱ्याला परत पोचलं. आईने खोकं उघडून फोटो पाठवला. चकल्यांचा चुरा झाला होता, लाडवांच्या डब्याचं झाकण फुगलं होतं, साडीला तुपाचा डाग. वर परतीची चिठ्ठी होती. तिने एवढंच लिहिलं, "तुला पैसे पडत होते का गं? सांगायचंस, मी पाठवले असते."

तो फोटो मी अजून काढून टाकलेला नाही. अंगणवेल, तुमची गोष्ट वेगळी आहे, ती बाजारातली वस्तू आहे, बिनधास्त नाकारा. पण घरच्या माणसाने पाठवलेलं पार्सल असेल तर आधी त्याला फोन करा, मग काय ते ठरवा.

टपालहंशील (बुधवार, संध्याकाळी ६:१०)

थेम्सकाठी बाई, वाचून गलबललं. पाठवणाऱ्यांसाठी एक सांगतो. परदेशी पार्सलच्या अर्जावर "पोचलं नाही तर काय करायचं" असा रकाना असतो: परत पाठवा किंवा सोडून द्या. परत आलेल्या पार्सलचं भाडं पाठवणाऱ्याच्या अंगावर पडू शकतं. फराळासारखी नाशवंत वस्तू असेल तर "सोडून द्या"वर खूण करणं शहाणपणाचं. काउंटरवर गर्दी असते, तो रकाना कोणी वाचत नाही. तुम्ही वाचा. आणि किंमत लिहिताना आत जे आहे ते एकेक वेगळं लिहा, नुसतं "फराळ व साडी, ६,५००" असं नको.

पैलथडी (गुरुवार, पहाटे ४:३०)

अमेरिकेतल्यांसाठी: ८०० डॉलरपर्यंत बिनड्युटीची सवलत २९ ऑगस्ट २०२५ला सगळ्या देशांसाठी बंद झाली. त्याआधी चार दिवस, २५ तारखेपासून, भारतीय टपालाने इकडची बरीचशी पार्सलं घेणं थांबवलं होतं, पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटी सोडून. १५ ऑक्टोबरला सेवा परत सुरू झाली तेव्हा ड्युटी भारतातल्या काउंटरवरच भरून घ्यायची पद्धत आली. त्यामुळे टपालाने आलेल्या पार्सलला दारात पैसे मागत नाहीत. खासगी कुरियर मात्र मागतात, आमच्या मंडळातल्या दोघांना दिवाळीनंतर बिलं आली. आईवडिलांना सांगा, पाठवताना ड्युटी कोण भरणार हे कुरियरवाल्याकडून पावतीवर लिहून घ्यायचं.

सोनचाफा७ (गुरुवार, सकाळी ११:०५)

न मागवता पार्सल आलं तर? २०२०मध्ये अनोळखी बियांची पाकिटं जगभर लोकांच्या घरी येत होती, ऑगस्टमध्ये आपल्या कृषी मंत्रालयानेही राज्यांना सावध केलं होतं. माझ्या सासऱ्यांना असं एक पाकीट आलं, वर दागिना लिहिलेलं, आत काळ्या बिया. ते परसात पेरायला निघाले होते! आम्ही पाकीट तसंच बंद करून कृषी अधिकाऱ्यांकडे दिलं. परदेशी बियाणं परवान्याशिवाय आणता येत नाही, आणि त्याबरोबर कोणता रोग येईल सांगता येत नाही.

निर्मळवाट (गुरुवार, दुपारी १२:४०)

अंगणवेल, आता पैशांचं. क्रेडिट कार्डाने भरलेत हे बरं झालं. बँकेला लेखी कळवा की ऑर्डर रद्द केली होती, माल घेतलेला नाही, विक्रेता पैसे देत नाही. ह्याला चार्जबॅक म्हणतात. सोबत रद्द केल्याचा मेल तारखेसकट, विक्रेत्याचं उत्तर, कुरियरला पाठवलेला नकार आणि ट्रॅकिंगचा फोटो जोडा. त्याची मुदत असते, माल परत पोचायची वाट बघत बसू नका. विक्रेता अर्धे पैसे देतो म्हणेल. अर्धे घेतलेत तर बाकीच्यावर पाणी सोडल्यासारखं होतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वरही नोंदवा. ई-कॉमर्सचे २०२०चे नियम परदेशी कंपनीलाही लागू आहेत, ती भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर माल विकत असेल तर. आणि आयात माल कुठल्या देशातला हे पानावर दाखवणं त्या नियमांत आहे. त्या पानाचा फोटो आत्ताच काढून ठेवा, अशी पानं गायब होतात.

अंगणवेल (पुढच्या शनिवारी, सकाळी १०:१५)

काय झालं ते सांगायला आले.

मंगळवारी दुपारी पावणेदोनला मेल गेला. त्यानंतर फोनवर चाळीस मिनिटं, तीन माणसं बदलली, तक्रार क्रमांक मिळाला. बुधवारी काहीच नाही. गुरुवारी उत्तर आलं: बिल ऑफ एन्ट्री दाखल झालेलं नाही, माल थांबवला आहे, पाठवणाऱ्याशी संपर्क करत आहोत. ती ओळ मी बाबांना फोनवर दोनदा वाचून दाखवली. त्यांनी तिसऱ्यांदा आईला वाचून दाखवायला लावली.

विक्रेत्याने आधी ३० टक्के, मग ५० टक्के देऊ केले. निर्मळवाट ताई, तुमचं वाक्य आठवून नाही म्हटलं. पान उघडून बघितलं तर जाहिरात खरंच गेली होती, पण ऑर्डरच्या दिवशीचा फोटो माझ्या फोनमध्ये सापडला, आईला विचारायला पाठवला होता तो. तोच बँकेला जोडला. बँकेने वाद नोंदवून घेतलाय, रक्कम सध्या खात्यात तात्पुरती जमा दिसतेय, निकाल यायचा आहे.

काल ट्रॅकिंगवर "रिटर्न टू शिपर" आलं. मला वाटलं होतं विक्रेता भाडं देणार नाही, पण दिलंय. कार्गोगेट, पहिल्याच मेलमध्ये हक्क सोडतो असं लिहिलं असतं तर हे झालं नसतं, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. घाटमाथा, बँकेचा निकाल आला की इथे लिहीनच, तुम्हालाही कीबोर्डासाठी उपयोग झाला तर बघू.

बायोमेट्रिक लॉक केलं. बाबांनी आता मास्क्ड आधारची एक प्रत काढून टेलिफोनच्या डायरीत ठेवलीय.

आज नाशिकला आलेय. आईचं पांढऱ्या-तांबड्या लोकरीचं तोरण अर्ध्यावर आलंय, मेन रोडच्या साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुईवर. बाबांनी कुरियरच्या मेलची प्रिंट काढून आणली, भोकं पाडून लाइट बिलांच्या फाईलीत लावली, आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख घालून लिहिलं, "पार्सल. घेण्यास नकार." टपालहंशील काका, तुमची मिरजेची गोष्ट त्यांना मी वाचून दाखवली होती.